त्रेपन्न पोती आणि आईचा अंगठा

२०२४ च्या दिवाळीत आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, पाय ठेवायला जागा नव्हती. दारापासून माजघराच्या उंबऱ्यापर्यंत सोयाबीनची थप्पी, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर आईनं वाळत टाकलेली धुणी. आईची खाट स्वयंपाकघरात गेली होती. फराळाचे डबे पोत्यांवर मांडले होते आणि भाऊबीजेला बहिणीनं मला पोत्यावर बसवूनच ओवाळलं.

"ह्ये कवा जाणार?" आई रोज विचारायची.

"मेसेज आला की."

मेसेज आला १६ डिसेंबरला. माल गेला जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात. पैसे आले फेब्रुवारी संपता संपता. हमीभावानं माल विकणं म्हणजे नक्की काय असतं, ते मला त्या साडेचार महिन्यांत कळलं. त्याआधी पेपरात वाचत होतो, तेवढंच.

आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णेपासून दोन-अडीच किलोमीटरवर. रान साडेतीन एकर, आईच्या नावावर. ऊस हेच मुख्य पीक, पण खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचं दुसरं पीक, काढल्यावर एक खरीप सोयाबीन करायचं, म्हणजे पीक बदलून जमिनीचा बेवड चांगला होतो आणि पुढच्या लागणीला खतही कमी लागतं. त्या वर्षी पीक चांगलं होतं. परतीच्या पावसानं काढलेल्या गंजीला दोनदा भिजवलं, तरी मळणी होऊन ३० क्विंटल माल घरात आला. पन्नास किलोची साठ पोती.

मळणीच्या दुसऱ्याच दिवशी व्यापारी दारात. मूठभर दाणे घेतले, एक दाढेखाली फोडला, बाकीचे पोत्यात टाकून दिले.

"चार हजार. हाय असा उचलतो. पैसं आत्ता."

केंद्र सरकारनं त्या हंगामासाठी जाहीर केलेला हमीभाव होता ४८९२. क्विंटलमागे नऊशेचा फरक. मी म्हटलं, देत नाही. व्यापारी हसला. रागानं नाही. दर वर्षी कुणी ना कुणी त्याला असं म्हणत असणार. जाताना म्हणाला, "ठेवायला जागा हाय न्हवं? मग ठेवा की." तेव्हा मला ते टोमणा वाटलं. पुढं कळलं की त्यानं अख्खी योजना तेवढ्यात सांगून टाकली होती.

सोयाबीनची सरकारी खरेदी चालते ती अशी. पैसा आणि भाव केंद्र सरकारचा, योजनेचं नाव किंमत समर्थन योजना. त्या सरकारच्या वतीनं नाफेडसारखी संस्था, तिच्या खाली राज्याची पणन संस्था, तिच्या खाली तालुक्यातला एखादा संघ किंवा शेतकरी कंपनी, आणि त्या संघाच्या आवारात एक टेबल, एक काटा, एक आर्द्रता मोजायचं यंत्र आणि एक संगणक चालवणारा पोरगा. आपली गाठ पडते ती फक्त त्या पोराशी. त्याच्या वर कितीही माणसं असोत, तो प्रत्येक प्रश्नाला "वरून" एवढंच म्हणतो. वरून यादी आली नाही, वरून पोर्टल बंद आहे, वरून बारदान, म्हणजे रिकामी पोती, यायचंय. तोही बिचारा रोजंदारीवरच. त्या खरेदी केंद्राचं नाव मी लिहीत नाही. त्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पाहुण्यांकडूनही जवळपास हेच ऐकलं.

नोंदणीला आईचं आधार, बँकेचं पासबुक आणि ई-पीक पाहणीची, म्हणजे फोनवरच्या ॲपमधून केलेली पिकाची, नोंद असलेला सातबारा लागतो. ई-पीक पाहणी मी ऑगस्टमध्ये स्वतः केली होती, बांधावर उभं राहून, फोन आभाळाकडं धरून. पण दुसऱ्या गटातला अर्धा एकर नोंदवायचा राहिला आणि मुदत संपली. चूक माझी. सातबाऱ्यावर त्या अर्ध्या एकराचा रकाना कोरा, म्हणजे सरकारच्या लेखी तिथं काहीच पिकलं नाही. उरलेल्या तीन एकरांना हेक्टरी मर्यादा लावून आईच्या नावापुढं साडेसव्वीस क्विंटल पडले. उरलेल्या मालाचं काय करायचं, असं मी त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "काका, ती पोती बाहेर विका."

मग वाळवणं. खरेदीचा नियम १२ टक्के आर्द्रतेचा. आमचा माल गावातल्या खतवाल्याच्या यंत्रावर १४ दाखवत होता. घराची गच्ची आणि समोरचा डांबरी रस्ता, दोन्हीवर पसरलं. दोन बायका तीन दिवस रोजानं लावल्या, आणि आई तर होतीच. ती फावडं घेत नाही. हातानंच पसरते, हातानंच ओढते, खडा दिसला की उचलते. सोयाबीनच्या शेंगेचं टोक काट्यासारखं असतं आणि मळणीतून सुटलेली टरफलं मालात राहतातच. तीन दिवसांत तिच्या बोटांची टोकं फुटली. चुलीपुढं बसून ती त्यांना खोबरेल लावायची आणि मी मनातल्या मनात क्विंटलला नऊशे मोजायचो.

वाळवण्याचा एक हिशेब कुणी सांगत नाही. १४ टक्क्यांचं ३० क्विंटल सोयाबीन ११ टक्क्यांवर आणलं की ते २९ क्विंटल भरतं. एक क्विंटल पाणी उडून जातं. पाणीच ते, त्याचे पैसे मागायचा हक्क आपल्याला नाही, हे मान्य. पण व्यापाऱ्यानं चार हजारांचा भाव दिला तो त्या पाण्यासकट दिला होता, हे दोन्ही भावांची तुलना करताना लक्षात ठेवावं लागतं. मी ठेवलं नव्हतं.

आणि गंमत पुढंच आहे. आमचं वाळवून झालं, पोती शिवून झाली, आणि १५ नोव्हेंबरला केंद्र सरकारचं पत्र निघालं की या हंगामात १५ टक्के आर्द्रतेपर्यंतचा माल घ्यावा. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. प्रचारात सोयाबीनला सहा हजारांची भाषा चालू होती, तिथं तीन टक्के ओल माफ होणं म्हणजे काहीच नाही. पेपर घेऊन खरेदी केंद्रावर गेलो, तर पोरगा म्हणाला, आमच्याकडं अजून लेखी आलेलं नाही. मला तसाही उपयोग नव्हता. आमचा माल खडखडीत ११ वर.

याच दिवसांत दुसरी रांग सुरू झाली.

आईचं रेशनकार्ड वेगळं आहे, प्राधान्य कुटुंबातलं. वडील गेल्यावर ते तिच्या एकटीच्या नावावर राहिलं. महिन्याला पाच किलो धान्य, कधी दोन किलो गहू आणि तीन किलो तांदूळ, कधी उलट. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून तोही फुकट झाला. सरकारनं फर्मान काढलं की कार्डावरच्या प्रत्येकानं दुकानात जाऊन ई-केवायसी करायची, म्हणजे यंत्रावर ओळख पटवायची, नाहीतर नाव बंद. आईला घेऊन गेलो. दुकानदारानं यंत्र पुढं केलं. आईनं अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. दुसरा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, सगळ्यांवर लाल.

"आक्का, हातावर रेषाच न्हाईत तुमच्या," दुकानदार म्हणाला.

"सोयाबीनानं खाल्ल्या," आई म्हणाली. रांगेतल्या बायका हसल्या. त्यातल्या चौघींची बोटं तशीच होती.

दुकानदार माणूस चांगला. त्याला तेव्हा क्विंटलमागं दीडशे रुपये कमिशन मिळायचं. त्यात दुकानाचं भाडं, वीज, हमाल आणि यंत्रापुढं डोकं फोडून घेणं. त्यानं आठ दिवस काम बंद ठेवून, हात कोमट पाण्यानं धुऊन परत यायला सांगितलं. सोयाबीनच्या सुगीनंतर हरभऱ्याची पेरणी असते. कुठली बाई आठ दिवस हात बंद ठेवते? मुदत मात्र सरकारनं पुढं ढकलली, मग परत ढकलली, आणि पुढं कित्येकदा.

दुकानाच्या मागच्या खोलीत मी सहज डोकावलो. गहू-तांदळाची रिकामी तागाची पोती आढ्यापर्यंत रचलेली. वीस रुपयाला एक, हवी तर घेऊन जा, म्हणाला. उंदरांनी खालची पाच-पन्नास कुरतडली होती. तेव्हा मी नुसतं बघितलं. महिन्याभरानं ती पोती माझ्या स्वप्नात आली, त्याचं कारण आता सांगतो.

१६ डिसेंबरला संध्याकाळी मेसेज आला की १८ तारखेला माल आणा. टेम्पो ठरवला, १७ च्या रात्री त्रेपन्न पोती भरली, बाकीची घरातच ठेवली. पहाटे चारला केंद्रावर पोचलो तर पुढं एकवीस गाड्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, छोटे हत्ती, एक बैलगाडीसुद्धा. मला वाटतं ती जवळच्याच वाडीतली असावी. थंडी चांगली होती. लोकांनी तुराट्या पेटवल्या होत्या. दुपारी दोनपर्यंत अकरा गाड्या सरकल्या. चार वाजता काटा थांबला.

बारदान संपलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या घरच्या पोत्यातला माल केंद्रावर तसा चालत नाही. तो फळीवर ओतायचा, तपासायचा आणि सरकारनं पुरवलेल्या नव्या तागाच्या पोत्यात भरायचा. त्या पोत्यावर छाप असतो, हंगामाचं वर्ष असतं, शिवण्याची पद्धतसुद्धा ठरलेली असते. १९८७ च्या एका कायद्यानं धान्याला तागाचं पोतं बंधनकारक केलंय, ताग पिकतो मुख्यतः बंगालात आणि पोती विणणाऱ्या गिरण्या हुगळीच्या काठी. तिथं पोतं कमी पडलं की इथं पलूसच्या रानातलं सोयाबीन ट्रॉलीवर बसून राहतं. कायद्यामागं ताग पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आणि गिरणी कामगाराला वाचवायचा हेतू आहे. तो शेतकरीही माझ्यासारखाच, म्हणून रागही धड काढता येत नाही.

"कधी येईल बारदान?"

"वरून..."

मी पोराला म्हटलं, आमच्या गावच्या रेशन दुकानात दोनशे पोती रिकामी पडलीत, मी विकत आणून देतो. तो माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिला, जणू मी घरच्या नोटा छापून आणतो म्हणालो. जुनं बारदान चालत नाही. गव्हाचा छाप असलेल्या पोत्यात सोयाबीन चालत नाही.

रात्र तिथंच काढली, कारण कुणीतरी म्हणालं की सकाळी गाडी येतीय. सकाळी आली ती केंद्राच्या चेअरमनची. आठ वाजता सांगितलं, दुसरा मेसेज येईल, माल परत न्या. दोघा-तिघांनी तिथंच बाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला माल घातला, ३९०० नं. तो व्यापारी रोज केंद्राच्या दाराशी उभा का असतो, हे मला तेव्हा उमगलं. मीही जवळजवळ दिलाच होता. टेम्पोवाला म्हणाला, "आण्णा, एवढं थांबलासा, आता कशाला?" त्याला परतीचं भाडं मिळणार होतं हे खरं, पण सल्ला चुकीचा नव्हता.

त्रेपन्न पोती पुन्हा सोप्यात. आईनं नुसतं बघितलं आणि खाट, जी तिनं सकाळीच बाहेर आणून ठेवली होती, ती उचलून परत आत नेली.

माल ठेवायचा कुठं, हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही आणि एके काळी त्याचं उत्तरही इथंच होतं. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले माठाच्या आकाराचे खड्डे, त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची आणि भाव आला की पेव फोडायचं. तिथल्या मातीचाच तो गुण म्हणतात. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं कायमची गेली. आमच्या आजोबांच्या काळी घरात कणगी होती, शेणानं लिंपलेली, शाळवात राख आणि कडुनिंबाचा पाला. पण ती खायच्या धान्याची. विकायच्या मालाला घर बांधावं, असं आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी परवडलं नसतं.

सरकारी उत्तरही आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे सहा टक्के व्याजानं उचलायचे, १८० दिवसांत फेडायचे, मधे भाव आला की विकायचं. कागदावर याहून शहाणी योजना मी पाहिलेली नाही. डिसेंबरात चौकशीला गेलो तर गोदामात जागा नव्हती. एका कप्प्यात खताची पोती, दुसऱ्यात बेदाण्याचे खोके. वखारीतही विचारलं. तिथं सरकारनंच आधी विकत घेतलेलं सोयाबीन ठेवलं होतं. म्हणजे माझ्या पुढच्या नंबरवाल्यानं विकलेल्या मालामुळं मला माल ठेवायला जागा नाही.

लागणीचं खत, बेणं, मजुरी, सगळं नोव्हेंबरात द्यावं लागलेलं होतंच. त्यासाठी आईच्या पाटल्या गावातल्या पतसंस्थेत ठेवल्या होत्या. पन्नास हजार, बारा टक्क्यांनी. सोयाबीन घरात आणि सोनं तारण.

जानेवारीत मुदतवाढ झाली, बारदानही आलं. दुसरा मेसेज २२ तारखेचा. या वेळी पुढं नऊच गाड्या होत्या.

माल ओतला. ग्रेडरनं पोत्यापोत्यातून मूठ काढून तबकात पसरली आणि बोटानं दाणे बाजूला सारायला लागला. काडी, खडा, माती अशा गोष्टींना दोन टक्क्यांपर्यंत माफी. त्यानं एक बारीक सुरकुतलेला दाणा चिमटीत धरून मला दाखवला. "हे बघा." मी बघितलं. तीन महिने सोप्यात आणि दोनदा टेम्पोत घुसळलेल्या मालात असे दाणे निघणारच. "चाळावं लागंल." केंद्राच्या आवारात चाळणी घेऊन बायका उभ्याच होत्या, पोत्याला दहा रुपये. चाळून झाल्यावर खाली जो ढीग पडला त्यात निम्मे दाणे चांगले होते. ते मी पोत्यात भरून घरी आणले, कोंबड्यांनी महिनाभर खाल्ले.

यंत्रावर आर्द्रता आली ९.८. पोरगा खूश. "एक नंबर माल, काका." १५ टक्क्यांचा माल आणि ९.८ चा माल, भाव एकच. माझ्या मागचा माणूस १४ टक्क्यांचा माल घेऊन आला होता, त्याचाही ४८९२. त्यानं वाळवला नाही म्हणून तो शहाणा, की मी दुप्पट फेऱ्या मारल्या म्हणून मी खुळा, यावर आम्ही चहा पिताना बराच वाद घातला.

काटा झाला. रिकाम्या पोत्याचं वजन साधारण ५८० ग्रॅम, म्हणजे काट्यावर ५०.५८ दिसायला हवं. तोलणारा ५०.८ झाल्याशिवाय पोतं उतरू देत नव्हता. "गोदामात घट धरत्यात, आमच्या अंगावर येती." पोत्यामागं दोनशे ग्रॅम. त्रेपन्न पोत्यांना साडेदहा किलो. भांडण्याइतकं जास्त नाही आणि सोडण्याइतकं कमीही नाही. मी भांडलो नाही. दाभणानं पोती शिवणाऱ्या म्हाताऱ्याचा हात बघत उभा राहिलो. सोळा-सतरा टाके, एकदाही खाली न बघता.

पावती मिळाली. मला वाटलं, झालं. पण इथं अजून एक पायरी असते. केंद्रावरचा माल ट्रकनं वखारीत जातो, वखार तो उतरवून तिची पावती करते, ती पावती पोर्टलवर चढते आणि मग शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे. वखारीत जागा नसेल तर ट्रक बाहेर उभा. ट्रक उभा तोवर माझा माल विकलेलाही आहे आणि विकलेला नाहीही. महिनाभर मी रोज आईच्या फोनवर बँकेचा मेसेज शोधत होतो. ती विचारायची, "आता कुटं आडलंय?" मी म्हणायचो, "ट्रकात."

२४ फेब्रुवारीला १,२९,६३८ रुपये जमा झाले. साडेसव्वीस क्विंटल गुणिले ४८९२, पै न पै बरोबर. एक रुपया कुणी कापला नाही, दलाली नाही, तोलाई नाही, हे मुद्दाम सांगतो.

त्या रात्री वहीत हिशेब मांडला. यादीबाहेर राहिलेले दोन क्विंटल व्यापाऱ्याला ३९५० नं गेले, ७९०० आले. सगळे मिळून १,३७,५३८. ऑक्टोबरात दारातच विकलं असतं तर १,२०,०००. फरक १७,५३८. आता खर्च. टेम्पोच्या तीन फेऱ्या आणि एक मुक्काम, पाच हजार. वाळवणाची मजुरी अठराशे. चाळणी ५३०. चढ-उताराची हमाली चार वेळा, २१२०. पाटल्यांवरचं व्याज दोन हजार. एकूण ११,४५०. हातात राहिले ६,०८८ रुपये. आईची आणि माझी मजुरी यात नाही, कारण ती लावली की आकडा कुठल्या बाजूला जातो ते मला बघायचं नव्हतं.

आमच्या शेजारच्या आबांची नोंदणी माझ्यानंतर चार दिवसांची. त्यांचा मेसेज आलाच नाही. खरेदी ६ फेब्रुवारीला बंद झाली. त्या हंगामात राज्यात अकरा लाख टनांवर सोयाबीन घेतलं गेलं, तो मोठा आकडा आहे आणि पेपरात तसाच छापून आला. आबांचं चाळीस पोती सोयाबीन मार्चमध्ये गेलं, ३८५० नं. ते मला म्हणाले, "तुझं बरं, तुला सरकार भेटलं."

आईनं विचारलेला एक प्रश्न मात्र डोक्यात राहिला. रेशनचा तांदूळ निवडत बसली होती. ती तो खात नाही. ती भाकरीवर वाढलेली बाई, तिला शाळू लागतो. तांदूळ आमच्याकडं इडलीला जातो, उरला तर कोंबड्यांना. गावात काही जण दारावर येणाऱ्या टेम्पोवाल्याला बारा-पंधरा रुपये किलोनं घालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणाली, "ह्यो तांदूळ कुटनं येतो?" म्हटलं, लांबनं, रेल्वेनं मिरजेला उतरतो. "मग त्यांच्याकडं बारदान हाय व्हय?"

आहे. पंजाब-हरियाणात गव्हाची खरेदी गेली साठ वर्षं चालू आहे. भारतीय अन्न महामंडळ १९६५ ला सुरू झालं, भाव ठरवणारा आयोगही त्याच वर्षी. तिथं मंडई आहे, आडत्या आहे, फळी बारमाही आहे, कारण तो गहू सरकारला हवाच असतो. ऐंशी कोटी लोकांच्या रेशनला तो लागतो. माझं सोयाबीन सरकारला नको आहे. ते रेशनवर जात नाही, त्याचं तेल आणि पेंड होते आणि पेंडीचा भाव परदेशात ठरतो. सरकार ते घेतं ते केवळ भाव पडला म्हणून, आणि नंतर बाजारातच विकून टाकतं. त्यामुळं आमच्याकडची खरेदी ही लग्नाच्या मांडवासारखी. दर वर्षी नव्यानं उभारायची, बारदान नव्यानं मागवायचं, पोरं नव्यानं नेमायची, आणि मांडव पुरता बांधून होतोय तोवर वरात येऊन गेलेली असते. शांता कुमार समितीनं २०१५ च्या जानेवारीत अहवाल दिला, त्यात देशातले जेमतेम सहा टक्के शेतकरी सरकारी संस्थेला हमीभावानं माल विकतात असं म्हटलं होतं. मी वाचलं तेव्हा ते सहा टक्के म्हणजे सगळे पंजाबातलेच असणार असं वाटलं होतं. आता त्यात आमचीही त्रेपन्न पोती.

सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर शून्यावरून वीस टक्के केलं. भाव चढेल असं सगळे म्हणाले. तेल महागलं, आमच्याही किराणा दुकानात. सोयाबीनच्या भावाला ते कळलं नाही. याची कारणं जाणकार सांगतात, मी त्यात पडत नाही.

आईची ई-केवायसी अखेर एप्रिलमध्ये झाली. त्याच सुमारास चेहरा दाखवायचं ॲप आलं होतं. अंगणात तिला उन्हात बसवली, फोन समोर धरला, डोळे मिचकाव म्हटलं. ती दोन्ही डोळे घट्ट मिटून बसली आणि हसली. तिसऱ्या वेळेला हिरवं आलं. पाटल्या त्याआधीच सोडवून आणल्या होत्या.

२०२५ च्या खरिपाला हमीभाव ५३२८ झाला. पुन्हा सोयाबीन केलं होतं, थोडं कमी, आणि या वेळी ई-पीक पाहणीत दोन्ही गट न चुकता घातले. नोव्हेंबरात नोंदणीला गेलो, सगळे कागद फायलीत लावून. तोच पोरगा होता, लग्न झालं म्हणाला. कागद बघितले आणि टेबलाखालून एक यंत्र काढून पुढं ठेवलं. रेशन दुकानात असतं अगदी तसलंच.

"काका, औंदा सातबाऱ्यावरच्या माणसाचा अंगठा लागतोय. आजींना आणावं लागंल."

घरी आलो. आई गच्चीवर सोयाबीन पसरत होती, हातानंच. मी खालूनच हाक मारून म्हटलं, आई, आठ दिवस जरा हात बंद ठेव.